केळ्यातली लस

नव्वदच्या दशकात मी सुरगाण्याच्या बाजूला नर्स होते. लसीचा डबा खांद्याला लावून पाडे पालथे घालायचे. बोलघेवडी पहिल्यापासूनच. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नाशिकला एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं, परदेशात केळीच्या जनुकांत बदल करून फळातच लस तयार करायचे प्रयोग चाललेत. सुई नको, बर्फ नको. बर्फ नको म्हटल्यावर आम्ही टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या.

त्याच महिन्यात एस.टी. घाटात बंद पडली. पाड्यावर पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं, आणि गरम झालेली लस टोचता येत नाही. नऊ महिन्यांच्या लेकीला गोवराची लस द्यायला एक बाई दोन डोंगर उतरून आली होती.

"बर्फ नाय तं दवा नाय व्हय?" ती चिडली.

तिचं खरंच होतं. तिला हसवावं म्हणून मी म्हणाले, "आता केळ्यातच लस येणार आहे. परसातलं केळं भरवलं की झालं!"

ती हसली. पुढच्या महिन्यात ये, असं बजावून मी निघाले. ती लस अजून कुठेच आलेली नाही, ते केळं वेगळं असणार, हे सांगायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे गेली असेल, असं मी धरून चालले. दोन डोंगर चढायचा कंटाळा केला, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या वस्तीवर गोवर आल्याचं कळलं. धावत गेले, तेव्हा घरातली झोळी सोडून ठेवलेली होती. लेक पाच दिवसांपूर्वी गेली होती. मी उंबऱ्यातच बसले. तिनेच मला पाणी आणून दिलं आणि शेजारी टेकली.

"बाई, रोज एक केळं कुस्करून भरवत व्हते," ती म्हणाली. "एकानं भागत नव्हतं का?"

"तुझं काही चुकलं नाही," एवढंच मी म्हणाले. चूक माझी होती, हे मात्र तीळ न भिजणाऱ्या या तोंडातून निघालं नाही.