साधनाबाईंचा चंगाअष्टा

साधना मेश्राम यांना फरशी कोरी बघवत नाही. राळेगाव तालुक्यातल्या त्यांच्या शाळेत दुसरीच्या वर्गात शिरायचं तर खडूने आखलेली घरं चुकवत, लंगडी घालत जावं लागतं. पोरं पोटावर आडवी, आणि मधोमध खुद्द बाई, पदर खोचून, कुणाची सोंगटी मारली की दुसरीतल्या पोरासारख्या टाळ्या पिटणाऱ्या. गुडघे कुरकुरायला लागलेत, पण हरल्या की अजून तोंड फुगतं. चंगाअष्ट्यात फोडलेले चार चिंचोके टाकायचे, पांढऱ्या बाजू मोजायच्या, तेवढी घरं पुढे. बेरीज, वजाबाकी, सगळं ह्यातच.

गावातल्या जाणत्यांना हे पटत नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, झाडाखाली पत्ते कुटणाऱ्या ह्याच जाणत्यांचं म्हणणं होतं की शाळेत जुगार नको.

त्यांच्यातले सगळ्यांत जाणते पुंडलिकराव. त्यांची नात वैष्णवी पहिलीत असताना गणिताचं पुस्तक निघालं की भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी हाक मारली तर रडायची. चंगाअष्टा सुरू झाला आणि पोर हळूहळू सरकत फरशीच्या मध्यावर आली. बाईंचा तिच्यावर फार जीव. म्हणूनच शनिवारी सकाळी पुंडलिकराव दारात दिसले, तेव्हा बाईंच्या हातातले चिंचोके हातातच राहिले.

"बाई, सोमवारपासून पोरगी इंग्रजी शाळेत जाईन. व्हॅन सांगून ठेवली."

"काहून जी, काका?"

"काहून म्हंजे? काय शिकली इचारलं, तं म्हणते दोन सोंगट्या मारल्या!"

"तुम्हीच इचारा ना तिले गणित. आत्ता. नाही आलं तं न्या."

बोलून गेल्या, आणि बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

पुंडलिकराव खुर्चीत बसले. वैष्णवी समोर उभी राहिली.

"नऊ आन सहा?"

"पंधरा."

"सतरातून आठ गेले?"

पोरीचे ओठ हलले.

"नऊ."

पुंडलिकराव खट्टू झाले. नातीला गणित येतं ह्याचं दुःख इतकं उघड करणारा आजोबा विरळाच. आता सोपं विचारून उठावं म्हणून ते म्हणाले, "चारातून चार गेले. किती राह्यले?"

वैष्णवीचा चेहरा उजळला. "आठ!"

बाईंनी डोळे मिटले. चारही चिंचोके उपडे पडले, पांढरं एकही दिसेना, की चंगाअष्ट्यात आठ मोजतात. पोरीने मनातल्या मनात चारही उपडे केले होते. बाईंनी खेळातून सगळं शिकवलं, शून्य मात्र राहून गेलं. त्याला पटावर घरच नव्हतं.

"पाह्यलं?" पुंडलिकराव उठले. "घे वं दप्तर."

"काका, चूक माही हाये, तिची नाही."

"चूक कोणाची बी असो. चाल, पोरी."

वैष्णवी हलली नाही. "आबाजी, आठ पडले का हात पुन्हा भेटते!"

पुंडलिकराव थबकले. पत्त्यांत असो की सोंगट्यांत, दुसऱ्याचा हक्काचा डाव बुडवणं त्यांच्या लेखी महापाप. दाराकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि ते पुन्हा टेकले.

"ठीक. पण हा शेवटचा. टोपल्यात चार भाकरी. चारही म्या खाल्ल्या. किती राह्यल्या?"

वैष्णवीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी झटकन मान वळवली. ओठ जरी हलला तरी डाव फुकट. पोर फरशीकडे बघत राहिली. मग आजोबांच्या पोटाकडे.

"साऱ्याच खाल्ल्या?"

"साऱ्याच."

"मंग एकबी नाही!" ती चिडली. "आन मी काय खाऊ?"

वर्ग खिदळला. पुंडलिकरावांनी मिशीआड हसू दडपायचा प्रयत्न केला, तो फसला. खिशातून फोन काढत ते म्हणाले, "व्हॅनवाल्याले नाही म्हणतो. पण बाई, पहिले त्या शून्याले घर द्या."

बाई फरशीवर बसल्या. खडू उचलला. पटाबाहेर, सोंगट्या सुटायच्या जागी, त्यांनी एक वाकडंतिकडं घर आखलं.