सहीची पेटी आणि हातोडीमामांचा कान

हातोडीमामा कोणतीही वस्तू डोळ्यांनी विकत घेत नसत. घागर घ्यायची तर ती कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवीत. छत्री घ्यायची तर कानाजवळ चार वेळा उघडून मिटून पाहत. एकदा पूर्णेच्या बाजारात त्यांनी शेळीच्या पोटाला कान लावलेला मी स्वतः पाहिला आहे. विकणारा मालाची तारीफ करू लागला की मामा हात वर करून म्हणत, "तुमी थांबा. त्याला बोलू द्या."

मामा पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होते. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचे, प्रत्येक चाकावर एक ठोका घालायचा आणि ऐकायचे, हे त्यांचे काम. धड चाक घंटेसारखे घुमते, तडा गेलेले चाक फुटक्या मडक्यासारखे बोलते. असे चाक सापडले की मामा त्यावर खडूने फुली मारीत, आणि मग आत नवाब बसलेला असो की कलेक्टर, तो डबा गाडीतून तोडला जाई. एका ठोक्यावर नवाबाला बोचक्यासकट खाली उतरवणारा माणूस पाहून मी त्यांचा भक्त झालो. भक्त हा शब्द मला तेव्हा मुळीच सोसत नसे. पण झालो होतो तो तेच.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. इतर मुले बाराखडी पाटीवर शिकली, मी ती चोरून छापलेल्या निजामविरोधी पत्रकांवर शिकलो, असे मी भाषणांत सांगत असे. ते निम्मे खरे होते. निजामाची सत्ता गेली, पत्रके लिहायची सवय राहिली. मामा मला 'छापखाना' म्हणत. सकाळी भेटले की विचारीत, "काय छापखाना, आज कुनावर?"

कुणावर, याची मला कधी वानवा पडली नाही. एकदा चहा पिताना मामा म्हणाले, "आजकालची चाकं पयल्यासारखी बोलत न्हाईत रे. निजामाच्या टायमाला ठोका मारला की शेवटपर्यंत गुणगुणायची. आता बारीक आवाजच गेला त्यांचा." निजामाच्या काळाची स्तुती मला पचणारी नव्हती. पण रेल्वे आता दिल्लीच्या हाती होती, आणि दिल्लीवर लिहायला माझा हात शिवशिवतच होता. त्याच आठवड्यात 'चाकांचा आवाज का बसला?' हे माझे पत्रक निघाले. हलके पोलाद, लबाड ठेकेदार आणि मराठवाड्यावरील अन्याय अशी त्यात चढती भाजणी होती. मामांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि मला विचारले, "येवढं मी बोललो व्हतो?" त्याच हिवाळ्यात ते असेही म्हणाले होते की यंदा चिमण्या कमी झाल्यात. सुदैवाने चिमण्यांवर मी पत्रक काढले नाही.

आमचे एक कलापथक होते. मराठवाडा हैदराबादेतच राहणार की मराठी मुलखात जाणार, हे तेव्हा ठरायचे होते, आणि बाजाराबाजारांतून ते गाऊन सांगायचे काम आम्ही आपणहून अंगावर घेतले होते. गाणी मी लिहीत असे, वालूरचा किसन नावाचा तरुण शेतकरी ती गात असे, ढोलकीवर चाँदभाई आणि पेटीवर मामा. पेटी मागून आणलेली होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला आणि कलापथक मुके झाले. मग नव्या पेटीसाठी आम्ही वालूरच्या घराघरांतून ज्वारी मागितली. कुणी सुपाने दिली, कुणी ओंजळीने, आणि एका म्हातारीने दळायला काढलेली परत पोत्यात न टाकता आमच्या झोळीत टाकली. असली ज्वारी दुसऱ्यांदा मागता येत नाही. पेटी एकदाच घ्यायची होती आणि ती चुकून चालणार नव्हते.

त्याच सुमारास मानवतच्या एका शेठच्या दुकानात 'सहीची पेटी' आली. मुंबईच्या एका नामांकित पेटीवादकाची खास पेटी म्हणे राजेरजवाड्यांनाच परवडे. तिचीच ही सामान्य कलावंतांसाठी काढलेली माफक किमतीची आवृत्ती. त्या वादकांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे झाले त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पेटीच्या पुढच्या फळीवर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर त्यांची सही कोरलेली होती, शेवटच्या लांब शेपटीसकट. शेठने छापील कागदही वाटला होता. तो वाचून किसन वेडावला.

"दादा, सही हाय तिच्यावर. म्हंजी त्या मानसाचा हात लागला असंल का न्हाई तिला?"

"हात पितळ कोरणाऱ्याचा लागला," मी म्हणालो.

"तुमी कशावर सही केली तर ते कोन आनील घरी?" चाँदभाई मला म्हणाले. "उगं जळू नका."

शेठकडे तेवढ्याच किमतीची एक बिननावाची पेटी होती. तीच घ्यावी, असे माझे ठाम मत होते. निजामाची मोहर उतरवली ती काय मुंबईवाल्याची सही मिरवायला? 'सही कुणाची, सूर कुणाचा?' असा मथळाही मी करून ठेवला होता. 'दुसऱ्याच्या नावाला भुलून मान डोलावणे ही गुलामीची पहिली पायरी होय,' हे त्यातले वाक्य मला आजही पाठ आहे आणि आठवले की माझे कान गरम होतात.

मामा आम्हा सगळ्यांना म्हणाले, "तुमी थांबा. पेट्यांना बोलू द्या."

दुकानात मामांनी आधी दोन्ही पेट्यांवर धोतराचे पान टाकायला लावले. नाव दिसले की कान मिंधा होतो, असे त्यांचे म्हणणे. मग डोळे मिटून त्यांनी लाकडावर पेराने ठोके घातले, भात्याचा दम पाहिला आणि एकेक पट्टी दाबीत गेले. बिननावाच्या पेटीला ते म्हणाले, "ही लाजरी हाय. बोलती, पर पदराआडून." दुसऱ्या पेटीच्या खर्जावर त्यांनी बोट ठेवले तेव्हा दुकानाच्या फळ्या घुमल्या. मामांचा चेहरा उजळला. बराच वेळ त्यांनी ते बोट उचलले नाही. म्हणाले, "लय दिसांनी कुनीतरी माझ्यासंगं मोठ्यानं बोललं."

मग बोट वर वर सरकत गेले, आणि वरच्या सप्तकातल्या एका पट्टीवर सुराच्या मागून एक बारीक शिट्टी आली. चहाच्या किटलीसारखी, स्पष्ट. मी किसनकडे पाहिले. किसन आढ्याकडे पाहत होता. चाँदभाई करंगळीने कान साफ करीत होते. शेठचे पान चघळणे थांबले. मामांनी तीच पट्टी पुन्हा दाबली, चांगली लांबवली. शिट्टीही लांबली. मामांनी मान हलवली.

"गुनाची हाय. घ्या."

आम्ही तिघांनी ती शिट्टी ऐकली होती, आणि तिघांनीही आपापल्या कानात काहीतरी बिघडले आहे असे ठरवले. ज्याच्या ठोक्यावर नवाब खाली उतरतो, त्याला जी ऐकू आली नाही ती शिट्टी असेलच कशी? धोतर काढले तर खाली सही निघाली. किसनने तिला हात लावून तो कपाळाला लावला. मी माझा मथळा मुकाट्याने खिशात घातला. मामांनी पसंत केली म्हटल्यावर सहीसुद्धा माझ्या तत्त्वात बसली.

आठच दिवसांनी त्याच मानवतला आठवड्याच्या बाजारात आमचा कार्यक्रम होता. कापसाचे दिवस, गाड्यांची रांग लागलेली. किसनचा आवाज चढला, मामांचे बोट त्या पट्टीवर गेले आणि भर बाजारात शिट्टी झाली. एका कापसाच्या गाडीवरून कुणीतरी विचारले, "मामा, गाडी सुटली का?" लोक हसले. दुसऱ्या कडव्याला पुन्हा शिट्टी, आणि पाचसहा जण ओरडले, "बसा रे बसा!" तिसऱ्या कडव्यात मी मराठवाड्याच्या दोनशे वर्षांच्या दुःखाचा हिशेब मांडला होता. तिथे एक गडी गाठोड्यावर उभा राहून हिरवे उपरणे हलवू लागला. गाणे लोकांना भिडते आहे असे वाटून मामा आणखी जोरात भाता मारीत होते. किसन ती ओळ जवळ आली की कडू काढा गिळावा तशी घाईने गिळून टाकी, पण मामा त्याला सावरून घेत सूर लांबवीत.

समोर मिरच्या घेऊन एक म्हातारी बसली होती. ती हसत नव्हती. कडवे संपताच ती पुढे वाकून मोठ्याने म्हणाली, "आवं भाऊ, तुमची पेटी शिट्टी मारायलीय. तुमाला आइकू येईना का?"

मामांचा हात भात्यावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुला येतीय?"

"येतेय, मामा."

"त्या दिशी दुकानात?"

"तेव्हाही आली होती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही मान हलवलीत."

"मी मान हलवली म्हून," मामा हळूच म्हणाले. मला वाटले, आता पेटीचे काही बोलतील. पण ते किसनकडे वळले. "उद्या सकाळी यार्डात ये माझ्यासंगं. मी ठोकतो. तू आइक."

परतीच्या गाडीत जागा असून मामा बसले नाहीत. पूर्णा येईपर्यंत दारात उभे राहून खाली चाकांकडे पाहत होते.

सकाळी ते पुढे, किसन मागे आणि त्याच्या मागे मी, असे आम्ही उभ्या डब्यांच्या कडेने चाललो. मामा ठोका घालीत आणि किसनच्या तोंडाकडे पाहत. किसन म्हणे, "घंटेवानी, मामा. अजून गुणगुणतंय." पुढचे चाक. "हेबी." पुढचे. "हेबी, मामा." यार्डातले शेवटचे चाक झाले.

"म्हंजी चाकं नीट हायत?"

"नीट हायत, मामा."

"बरं झालं," मामा म्हणाले आणि थेट फोरमनच्या खोलीत गेले. हातोडी टेबलावर ठेवून म्हणाले, "सायब, मी चाकाला रोज बोलू देतो. पर मला आइकू येईना." फोरमन भला माणूस होता. आजवर तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही, पेन्शनपर्यंत असेच निभवू, असे तो म्हणाला. मामा म्हणाले, "तक्रार करायला चाक मोडावं लागतं, सायब."

आम्ही खोलीबाहेर उभे होतो. तत्त्वांवर मी तोवर पुष्कळ लिहिले होते. तत्त्वासाठी टेबलावर ठेवण्यासारखे माझ्याकडे काय आहे, ते मला तेव्हा आठवेना.

मामांना दिव्यांच्या खोलीत काम मिळाले. कंदिलांच्या काचा पुसायच्या, वाती कापायच्या. पूर्वीचा मान नव्हता आणि पगारही घसरला, पण ते म्हणाले, "बरं हाय. दिव्याला बोलावं लागत न्हाई." मला मात्र त्यांनी एक काम सांगितले: चाकांचे पत्रक मागे घे. 'चाकांविषयी दुरुस्ती' हे माझे आयुष्यातले सर्वांत छोटे पत्रक. ते कुणी वाचले नाही.

राहता राहिली पेटी. मामांनी ती दिव्यांच्या खोलीत उघडली, बिडी पेटवली आणि भाता मारीत धूर कुठे वळतो ते पाहिले. एका पट्टीखालचे चामडे कोपऱ्यात उचलले होते. जुन्या टोपीचा चिंधीएवढा तुकडा तिथे बसवला आणि शिट्टी गेली. मी पुन्हा पुन्हा ऐकून खात्री केली. ती पेटी अजून वाजते, आणि अशा किमतीत तशी पेटी मी पुन्हा पाहिली नाही.

"सही वाईट न्हवती," मामा खिळा बसवीत म्हणाले, "पेटीबी वाईट न्हवती. कान वाईट व्हते. माजे दोन अन् तुमचे सहा."

नोकरी संपल्यावर मामा आपल्या गावी, वालूरला गेले. गेल्या वर्षी किसन आणि मी पेटी घेऊन त्यांना भेटायला गेलो. किसन खर्ज धरून बसला आणि मामा पेटीच्या फळीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले, दातांनी ऐकावे तसे. मग मी खिशातून माझे नवे पत्रक काढले आणि मोठ्याने वाचू लागलो. योग्य त्या प्रत्येक जागी मामांनी मान हलवली. एका जागी तर डोळेही मिटले. असा श्रोता मला कैक दिवसांत मिळाला नव्हता. वाचून झाल्यावर मी विचारले, "कसे वाटले, मामा?"

मामांनी ओठांकडे पाहून प्रश्न ओळखला. "मान मी उगंच हलवली, छापखाना. तू लय जीव तोडून वाचायला व्हतास म्हून. मला एक अक्षर आइकू आलं न्हाई. किसनाला इचार."

मी किसनकडे पाहिले. तो आढ्याकडे पाहू लागला होता, पण मामा त्याच्याकडे टक लावून बसले होते. त्याने मान खाली आणली.

"दादा," तो म्हणाला, "तिसऱ्या परिच्छेदात शिट्टी वाजतीय."