मेणाचे मुडदे

मी डॉक्टर व्हायचं हे वडिलांनी ठरवलं. मंठ्याला एकदा तहसीलदारानं उठून एका डॉक्टरला खुर्ची दिलेली त्यांनी पाहिली होती. रोगी वगैरे त्यांच्या डोक्यात कधी आले नाहीत. माझ्याही नाहीत. हैदराबादेत डॉक्टरी उर्दूतून शिकवत, त्याची मला धास्ती नव्हती. आईनं मात्र विचारलं, "मुडदे फाडावे लागतेत म्हणं तिथं?"

"न्हाई माय. मेणाचे असतेत. सरकार बनवून घेतंय."

खोटं मला चटकन सुचायचं. पुढं अर्धा दवाखाना त्यावरच चालला. पहिल्या दिवशी खरा मुडदा पाहून मी भोवळ येऊन पडलो; सुट्टीत घरी मात्र मेणाचं असं वर्णन केलं, की भटजीही मान डोलवत राहिले. विटाळ नाही, प्रायश्चित्त नाही. जेवायला पहिली पंगत.

दोन वर्षांनी आमच्याच गावच्या मेंढपाळाचा मुलगा माझ्यामागून आला. तो माझ्यापेक्षा हुशार. अडलेली मेंढी हातानं सोडवायचा. तसे हात आमच्या प्रोफेसरांनाही नव्हते. त्याच्या आईनं माझ्या मेणावर भरवसा ठेवून त्याला सोडलं, पण आधी बेलभंडारा उचलायला लावला: माणसाच्या मुडद्याला हात लावणार नाही.

चिरफाडीच्या खोलीतून तो बाहेर आला. भ्यालेला नव्हता.

"दादा, मेणाचे म्हन्ले होते ना तुमी?"

"घरी तसंच सांगायचं असतं. तुझी माय काय बघायला येणार हाय?"

"भंडारा तर मीच उचलला ना," तो म्हणाला, आणि गाठोडं बांधून जालन्याच्या गाडीत बसला.

त्यानं खरं सांगितलं असतं तर आमचं घर वाळीत पडलं असतं, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं. त्यानं गावात एवढंच सांगितलं, "भेव वाटलं मला."

झालं. मेणाला भ्याला म्हणून पारावर टिंगल सुरू झाली. "मेंढरामागच्याला डॉक्टरकी पेलती व्हय?" दिवाळीत मीही पारावर होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

तो जन्मभर मेंढ्यांमागं हिंडला. एकदा पायातला काटा काढायला दवाखान्यात आला होता, तेव्हा मी विचारलं, "राग न्हाई आला कधी?"

"राग करून काय? गावाला एक डॉक्टर तर भेटला. मंग काम बराबर करा." एवढं बोलून त्यानं पाय पुढं केला.

मी काम बराबर केलं नाही. आणि तो मेला तरी तोंड उघडलं नाही.

परवा पारावर जाऊन सगळं सांगितलं. म्हातारे गहिवरले. एक जण म्हणाला, "बघा डॉक्टरसायबाचा मोठेपणा. मेलेल्याची इज्जत राखायला दोष सोताच्या अंगावर घेऊन राह्यले." त्या मेलेल्याचाच नातू पारामागून मेंढ्या घेऊन जात होता. त्याला कुणीतरी हाक मारली, "ए मेण्या." तो सवयीनं वळला.

बोललेलं हे गाव पुसून टाकतं. म्हणून सहीनिशी लिहून दिलं, आणि कागद त्या नातवाच्या हातात ठेवला.