मावशीच्या हातचा ठेचा

त्या बाईचा चेहरा निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. ही तर साधी मेसवाली मावशी.

मी तेव्हा सातपूरच्या पोलीस ठाण्यात होतो. कारखान्यातली, एकेका खोलीत एकटी राहणारी पोरं टायफॉईडने आजारी पडू लागली. एकाचं आतडं फाटलं, मरता मरता वाचला. सगळी एकाच मेसमध्ये जेवणारी. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी मावशीची तपासणी केली. जंतू तिच्या पित्ताशयात मुक्कामाला होते, तिला स्वतःला मात्र काही त्रास नाही. शिजवलेल्या अन्नात ते टिकत नाहीत, पण ठेचा, कोशिंबीर ती हाताने कालवायची. स्वयंपाक बंद करा, औषध घ्या, असं सांगितल्यावर बाई नातीला घेऊन पसार झाली. डॉक्टर ठाण्यात आले, साथरोग कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

खबर दिली एका कामगाराने. तो बदलून सिन्नरला गेला होता. "साहेब, इथल्या मेसला लसणाचा तोच ठेचा हाय. बाई पडद्यामागंच असती, पण हात तोच."

दुसऱ्याच नावाने राहत होती. महिला पोलिसांसमोर चौकशी सुरू केली. बाई पक्की.

"मला कधी साधा ताप नाय आला साहेब. डॉक्टरला काय कळतंय?"

तासभर हेच दळण. माझं डोकं तापलं. तेवढ्यात आमची हवालदार बाई नातीशी बोलून आत आली. म्हणाली, "साहेब, पोरगी आजीच्या हातचं खातच नाही. दोन्ही वेळा शेजारच्या काकूंकडे जेवते. आजीच पाठवते."

मी बाईसमोर खुर्ची ओढली. "पोरांना ठेचा, आणि नातीला शेजारी? का हो मावशी?"

तिने पदर तोंडाला लावला. "कळवणला असताना लय आजारी पडली होती ती. हातातून जात होती. तवाच मला कळलं, माझ्या हातानंच होतंय."

"म्हणजे माहीत होतं! अहो, त्या पोरांना आया नाहीत का?" मी ओरडलोच.

"धुणीभांडी करून बघितली साहेब. दिवसभर कुणी बोलत नाय. मेसमदी पोरं मावशी, मावशी करायची."

राग तर होताच, पण माझं स्वतःचं जेवण तेव्हा डब्याचं, खोलीवर एकट्याने. तिचं म्हणणं मला कळलं, तरी ते मान्य करणं शक्य नव्हतं.

कोर्टात व्हायचं ते झालं. औषधं झाली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तपासण्या स्वच्छ आल्या. एक दिवस ती ठाण्यात आली. तिचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, पोरीला आपल्याकडे घेऊन गेला होता. "तुमचं ऐकंल तो. सांगा, आता मी बरी हाय."

तिच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "रिपोर्टवर माझा विश्वास हाय साहेब. पण माझी पोरगी जपली अन् लोकांची पोरं मरणाच्या तोंडी घातली तिनं. नाय पाठवणार."

आवाज मोठा होता, तिने सगळं ऐकलं.

जंतू औषधाने जातो. माहीत असून गप्प बसलेल्या माणसावर औषध नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो. मुलगा चुकला असं मला आजही म्हणवत नाही.

फोन ठेवला तशी ती बाकावरून उठली. दाराशी थांबून विचारलं, "साहेब, एकटीपुरता स्वयंपाक किती करत्यात हो? मला अंदाजच नाय."