झब्बूत पास नसतो

फेब्रुवारीत एका मंगळवारी माझी बायको गेली. सकाळी तिने चहा केला होता. संध्याकाळी ती नव्हती.

मार्चमधल्या एका शनिवारी तिघंजण पत्ते घेऊन दारात उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शनिवार आहे," आणि चपला काढून आत आल्या. वहिनी म्हणजे प्रोफेसरांची बायको. प्रोफेसर मूळचे साताऱ्याचे, उत्तरेतल्या या शहराच्या विद्यापीठातून निवृत्त झालेले. महानगर नावाच्या आमच्याच वस्तीत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. तिसरे आमच्या खालच्या मजल्यावरचे भाईसाहब. ते इथलेच, रेल्वेत होते. झब्बू त्यांना माझ्या बायकोने शिकवला. त्यांना येणारं मराठीही त्या खेळापुरतंच: झब्बू, उतारी आणि रडी.

झब्बू हा मोठ्या माणसांनी खेळायचा खेळ नव्हे. सगळी पानं वाटून टाकायची. एकाने उतारी करायची, बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं. सगळ्यांनी टाकलं तर तो ढीग बाजूला. पण एखाद्याकडे तो रंग नसेल तर त्याने दुसरं कुठलंही पान टाकायचं. हा झब्बू. मग तोवर ज्याचं पान सगळ्यात मोठं, त्याने सगळा ढीग उचलून हातात घ्यायचा. ज्याची पानं संपली तो सुटला; शेवटी ज्याच्या हातात उरली तो हरला. हरलेल्याने खाली उतरून कपूरथला चौकातल्या टपरीवरून सगळ्यांसाठी बनमक्खन आणायचं आणि बाकीच्यांनी गॅलरीतून त्याची टिंगल करायची. हा शेवटचा नियम बायकोचा.

बहुतेक शनिवारी मीच उतरत असे. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली. कोणती पानं गेली, कुणाचा कोणता रंग संपला, हे माझ्या लक्षात राहायचं. तरी मी हरायचो, कारण बायकोला माझा चेहरा पाठ होता. हातात एक्का आला की मी चष्मा वर ढकलतो, असं तिचं म्हणणं. पाच जणांत पानं वाटली की दोन जास्तीची उरायची; तीही ती माझ्यापुढे सरकवायची. झब्बू देताना ती घाई करत नसे. मी मान वर करेपर्यंत थांबायची, पान ठेवायची आणि म्हणायची, "घ्या. वाचत बसा आता."

मार्चमधल्या त्या शनिवारी मी जिंकलो. पुढच्याही. मला वाटलं, पानं चांगली येताहेत. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी इस्पिकचा गुलाम टाकला. भाईसाहबांकडचं इस्पिक संपलंय हे सगळ्यांना दिसलं होतं, कारण आधीच्याच उतारीला त्यांनी इस्पिकवर झब्बू दिला होता. आमच्या मधे वहिनी बसल्या होत्या. त्यांनी बारकं पान टाकलं असतं तर ढीग माझ्याकडे आला असता. त्यांनी राजा टाकला आणि झब्बू स्वतःवर ओढून घेतला. थोड्या वेळाने त्यांच्याच हातून इस्पिकची तिर्री निघाली. म्हणजे ती त्यांच्याकडे तेव्हाही होती. एका दिवाळीत याच वहिनींनी, बायको त्यांना रडी म्हणाली म्हणून तिच्याशी अबोला धरला होता.

त्यानंतर मला दर शनिवारी तेच दिसायला लागलं. चीड आली, पण बोलायचं काय? जिंकण्यासाठी कुणी लबाडी केली तर त्याचा हात धरता येतो. हरण्यासाठी केली तर?

मग मीही हरायचा प्रयत्न सुरू केला. मोठी पानं दाबून ठेवू लागलो, नको तिथे टाकू लागलो. ते माझ्या पानावर त्याहून मोठं पान टाकत. मे महिन्यात, कूलर घरघरत असताना, चौघंही हरायच्या मागे लागलेला एक डाव झाला. तो संपेचना. भाईसाहबांच्या हातात इतकी पानं झाली की त्यांना ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

"अरे यार, ये खतम कब होगा?" ते म्हणाले.

मी चौकटच्या एक्क्याने उतारी केली. प्रोफेसरांकडे चौकट नव्हतं. त्यांना झब्बू द्यायलाच हवा होता, आणि तो माझ्यावरच येणार होता. त्यांनी पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पास."

"झब्बूत पास कधीपासून आला?"

"आमच्याकडे असतो."

"साताऱ्याला?"

"नाही, मुंबईला. माझ्या मामांकडे."

"तुमचे मामा सांगलीचे ना?"

"हे दुसरे."

भाईसाहबांनी पानांच्या मागून डोकं काढलं. "ये पास क्या होता है? भाभीजी ने तो कभी बताया नहीं."

वहिनींनी डबा उघडला. त्या आता दर वेळी घरून काहीतरी करून आणत, थालीपीठं नाहीतर ढोकळा, म्हणजे कुणाला खाली उतरायला नको. मी म्हणालो, बनमक्खन मी आणतो. "तुम्ही कशाला? बसा," वहिनी म्हणाल्या. फेब्रुवारीपासून मला सगळे बसाच म्हणत होते. बँकेतले, दवाखान्यातले, भाजीवालासुद्धा.

मुलगी बंगळुरूला असते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "पापा, वो आपका मन रख रहे हैं."

"माहीत आहे."

"तो फिर प्रॉब्लम क्या है?"

त्या टेबलावर मला आजवर कुणी सवलत दिली नव्हती. घरात तेवढी एकच जागा आधीसारखी राहील असं मी धरून चाललो होतो, आणि ती माझ्या देखत, माझ्याच भल्यासाठी, काढून घेतली जात होती.

नोव्हेंबरात, बाहेर धुकं उतरायला लागलेलं, मी पुन्हा पहिला सुटलो. उरलेले तिघं शांतपणे पुढे खेळत राहिले. मी त्यांच्या मधला ढीग हाताने विस्कटून टाकला.

"तुम्ही खेळत नाही आहात," मी म्हणालो. "मला झब्बू द्या. नाहीतर शनिवारी येऊ नका."

प्रोफेसर चष्मा पुसायला लागले. भाईसाहबांनी माझ्याकडून वहिनींकडे पाहिलं.

"झालं तुमचं?" वहिनी म्हणाल्या. "मार्चपासून मी हरतेय, भाऊजी. हातात राजे असताना हरतेय. तुमची बायको गेली. माझ्याशी भांडणारी गेली, तिचं काय? मला कुणी जिंकू दिलं का एकदा तरी? यांनी तर साधं विचारलंही नाही."

"तू विचारू कुठे दिलंस?" प्रोफेसर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. पास म्हणे."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी पत्ते गोळा केले.

"आधी नीट पिसा," वहिनी म्हणाल्या. "नेहमी वरवर पिसता."

मी नीट पिसले. तो डाव कुणी हसत खेळलं नाही. भाईसाहब सुटले, मग प्रोफेसर सुटले, तेही चुपचाप. वहिनींकडे एक पान उरलं होतं आणि माझ्याकडे बरीच, सगळी किलवरची. त्यांच्याकडे किलवर नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना. दुसरं काही टाकायला नव्हतं. मी राणी टाकली. वहिनी थांबल्या. मी मान वर केली तेव्हा त्यांनी बदामचा एक्का खाली ठेवला.

त्यानंतरचं बायकोचं वाक्य कुणी म्हटलं नाही. मी ढीग उचलला.

"उठिए जनाब," भाईसाहब म्हणाले. "मक्खन ज़रा ज़्यादा लगवाइएगा."

स्वेटर शोधण्यात वेळ गेला. मी रस्त्यावर आलो तेव्हा तिघं गॅलरीत उभे होते. टिंगल कुणी केली नाही; प्रोफेसरांनी नुसता हात केला, त्याचाही मला थोडा राग आला. टपरीवाल्याने मला पाहून न विचारता पाच बन चिरायला घेतले. मी चार सांगितले. त्याने एक परत ठेवला.

आता आम्ही शनिवारी खरं खेळतो. वहिनी पानं मोजताना अजून रडी करतात. प्रोफेसर अडचणीत आले की पास म्हणून बघतात, आणि तिघं मिळून त्यांना गप्प करतो. एक्का आला की मी अजूनही चष्मा वर ढकलत असेन. ते ओळखणारं टेबलावर कुणी नाही, त्यामुळे कधीकधी मी खरोखरच जिंकतो. पानं चौघांत तेरा-तेरा येतात.