निवेदिता थांबली नाही

निवेदिता रामटेके सहा वर्षं ॲम्ब्युलन्सवर होती, आणि तेवढ्या काळात तिच्या गाडीत एकही माणूस मेला नाही. म्हणजे मेले, पुष्कळ मेले. पण कागदोपत्री गाडीत नाही. उमरेडच्या पट्ट्यात सरकारी ॲम्ब्युलन्सवर काम करणारी पोरगी कुणाच्या दारात उभी राहून ‘हे गेले’ म्हणू शकत नाही. म्हटलं तर काचा फुटतात, ड्रायव्हर मार खातो. ‘गेले’ हा शब्द डॉक्टरचा. म्हणून थंड पडलेला माणूससुद्धा स्ट्रेचरवर घ्यायचा, अर्धं घर मागे कोंबायचं आणि हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत त्याची छाती दाबत राहायची.

“एका म्हाताऱ्याला असं उमरेडपासून थेट नागपूरपर्यंत दाबत नेलं जी,” ती मला सांगत होती. “त्याचा जावई म्हणे, मॅडम, दमल्या असाल तर थोडा वेळ मी दाबू का? त्याला वाटलं पाय दाबण्यासारखं असते.”

लंडनमध्ये कॅमडेनला बाबासाहेबांच्या घरी जायला दर एप्रिलला लीड्सहून आमची कोच निघते. त्या कोचमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. नवरा राजीव सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या व्हिसावर ही आलेली. माझं म्हणाल तर मी लीड्समध्ये बस चालवतो आणि युनियनचा प्रतिनिधी आहे. कायदा डेपोच्या कँटीनमध्ये शिकलो, आणि पुष्कळ टायवाल्यांपेक्षा बरा शिकलो.

पुण्याची डिग्री आणि सहा वर्षांचा अनुभव असूनही इथे ती पॅरामेडिक नव्हती. इथल्या रजिस्टरवर नाव चढल्याशिवाय स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेणं हाच गुन्हा. अर्ज केला होता. कॉलेजने सिलॅबस पाठवायला पावणेदोन वर्षं लावली, कारण तिथला क्लार्क रजेवर आणि त्याच्या कपाटाची किल्लीही रजेवर. तोवर पोट आणि मन भरायला ती एका केअर होममध्ये केअरर म्हणून लागली. म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं. होमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांचा वकील मला पत्र पाठवेल, आणि मग माझी जीभ आवरणार नाही.

तिथे डोरीन नावाची बाई होती. नव्वदीला टेकलेली, जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात कोटांना बाह्या जोडलेली. निवेदिताच्या ट्यूनिकची शिवण उसवलेली दिसली की ओरडायची, “हे कुणी शिवलं, लव्ह? मांजरानं?” दोघींचं जमायचं. डोरीनने डॉक्टरांशी बोलून एक निर्णय लिहवून घेतला होता: हृदय थांबलं तर पुन्हा चालू करायला जाऊ नका. इथे असा कागद पुष्कळांचा असतो, डीएनआर म्हणतात त्याला, फाइलमध्ये सगळ्यात वर लावतात. डोरीनने तो निवेदिताला स्वतः दाखवला होता. “माझा नवरा नळ्यांमध्ये गेला. मला तसं नको. तू त्या दिवशी असलीस तर माझा हात धर आणि गप्प बस.”

निवेदिता हो म्हणाली होती.

गेल्या शरद ऋतूत रजिस्टरवाल्यांचं पत्र आलं. डिग्री मान्य, अनुभव मान्य. आता फक्त सध्याच्या नोकरीवरून चांगल्या वर्तणुकीचा दाखला. राजीवने पेढे वाटले. मलाही डेपोत आणून दिले, आमच्या पंजाबी कंट्रोलरने अर्धा डबा संपवला.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारच्या चहाला डोरीन टेबलावरच कलंडली. कपासकट.

त्या शिफ्टची सीनियर केली नावाची पोरगी होती. ती दारातून धावत आली तोवर निवेदिताने डोरीनला खाली घेतलं होतं आणि छाती दाबायला सुरुवात केली होती. केली ओरडली, “निव्ह, नको! तिचा डीएनआर आहे! थांब!”

निवेदिता थांबली नाही. केलीने खांदा धरून ओढलं, तिने खांद्यानेच ढकललं. केलीने फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, तोवर ही दाबतच होती. आणि झालं काय, तर डोरीन परत आली. तिचं हृदय चालू झालं.

इथे गोष्ट संपवून टाळ्या घेणारे लोक मला माहीत आहेत. डोरीनच्या बरगड्या मोडल्या होत्या. छातीचं हाड तडकलं होतं. हॉस्पिटलमध्ये तिला धड श्वास घेता येईना, झोपता येईना, कुशीवर वळता येईना. दोन आठवडे. निवेदिता एकदा भेटायला गेली. डोरीनने तिला ओळखलं. निवेदिताने हात पुढे केला, तर डोरीनने आपला हात पांघरुणाखाली ओढून घेतला. “तू हो म्हणाली होतीस,” एवढंच म्हणाली. मग डोरीन गेली, आणि तिची मुलगी लिंडा हिने तक्रार केली.

होमने निवेदिताला घरी बसवून चौकशी लावली. ती आमच्याच युनियनची सभासद, म्हणून केस माझ्याकडे आली आणि माझं डोकं फिरलं. त्या होममध्ये शिफ्ट बदलताना माहिती द्यायचा हॅन्डओव्हर म्हणजे जिन्यावर उभ्या-उभ्या उरकलेली गोष्ट. डीएनआरचं ट्रेनिंग म्हणजे कॉम्प्युटरवर नेक्स्ट नेक्स्ट दाबणं. फायली मॅनेजरच्या ऑफिसात कुलपात. एवढा दारूगोळा मला पुरेसा होता. मी केलीला भेटलो. मनाची चांगली पोरगी, लगेच तयार झाली. “मी सांगेन, मी काही ओरडलेच नाही. घाईत राहून गेलं.”

मी निवेदिताला समोर बसवून सगळं पढवलं. “तुला कागद माहीत नव्हता. फाइल कुलपात होती. कुणी तुला अडवलं नाही. ही तीन वाक्यं. चौथं वाक्य माझं.”

“आणि डोरीननं दाखवला होता ते?”

“ते तुला आणि तिला माहीत. ती सांगायला येणार नाही.”

राजीव म्हणाला, “दादा बरोबर म्हणताहेत, निवू. एक दाखला हवाय फक्त. नंतर आयुष्यभर चांगलं काम कर ना.”

ती उठून कप विसळायला गेली. मी ते ‘हो’ समजलो. चौकशीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, ट्रेनिंगच्या नोंदी काढल्या, मॅनेजरबाईला घाम फोडला. बाई पाणी प्यायला लागल्या तेव्हा मी मनात म्हटलं, जिंकलो. मग त्यांनी निवेदिताला विचारलं, “डोरीनचा निर्णय तुला माहीत होता?”

मी टेबलाखालून पाय मारला.

“हो,” ती म्हणाली. “त्यांनीच मला दाखवला होता.”

“केलीने थांबायला सांगितलं?”

“दोनदा. मला ऐकू आलं. ती ओढत होती, मी तिला ढकललं.”

“मग का?”

निवेदिता आपल्या हातांकडे बघत बसली. “मी कधी थांबलेच नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे थांबायला दुसरं कुणीतरी सांगतं. मोठं कुणीतरी. मला वाटलं, केली कोण सांगणारी?”

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. मी माझी फाइल मिटली.

बाहेर बसस्टॉपवर मी तिच्यावर तुटून पडलो. “तुला सत्यवादीपणाचं मेडल हवं होतं का? राजीवने आणि मी महिनाभर रक्त आटवलं आणि तू आत जाऊन सगळ्यावर पाणी ओतलंस! कोण बघायला येणार होतं?”

“ओरडू नका जी, लोक बघून राहिले.”

“बघू देत!”

“केलीनं सांगितलं असतं की मी ओरडली नाही, तर काढलं कोणाला असतं?” ती शांतपणे म्हणाली. “सीनियर ती होती. फाइल वाचून सांगायचं काम तिचं. दोन लेकरं आहेत तिले. तुम्ही तिले विचारलं काय, युनियनवाले?”

नव्हतं विचारलं. मी केस जिंकायला निघालो होतो, आणि केली माझ्या केसमधला एक साक्षीदार होती, बस. मी बसचं टाइमटेबल वाचत उभा राहिलो, जे मला पाठ आहे.

“आणि डोरीनचं सोडा,” ती पुढे म्हणाली, “पण मी हो म्हटलं होतं ना. आता तिथं बसून म्हणू, की मले कोणी सांगितलंच नाही?”

तिला काढून टाकलं. दाखल्याऐवजी जे घडलं ते लिहून होमने रजिस्टरवाल्यांना पाठवलं, आणि खोटं काही लिहिलं नाही, हे मी नाइलाजाने कबूल करतो. रजिस्टरवाल्यांनी नाव चढवायला नकार दिला. पत्रात लिहिलंय की रुग्णाने स्पष्ट सांगितलेली इच्छा अर्जदाराने माहीत असूनही डावलली, आणि या व्यवसायात हा निर्णय रोज एकट्याने घ्यावा लागतो. खाली अपीलची मुदत दिलेली.

निवेदिता आता एका गोदामात पार्सलं लावते. राजीव घरात फार बोलत नाही. लिंडाला तिने भेटायची विनंती केली होती. लिंडाचा नकार आला, तोही नीट, सभ्य भाषेत.

मी अपील लिहिलंय. ते चांगलं झालंय. त्यात होमची अब्रू वेशीला टांगली आहे, ट्रेनिंगचं पितळ उघडं पाडलं आहे, उमरेडच्या रस्त्यावर फुटलेल्या काचाही आहेत. त्यात मी एक ओळ घातली आहे, की अर्जदार यापुढे असा निर्णय पाळेल. फक्त तिची सही हवी.

रविवारी ते घेऊन गेलो. तिने चहा ठेवला, सगळं वाचलं, त्या ओळीपाशी आली.

“दादा, हे तुम्ही कसं लिहिलं?”

“कसं म्हणजे? शिकलीस ना आता?”

“शिकली. पण समोर माणूस पडला की हात ऐकतील काय, ते मला माहीत नाही. नाही माहीत, तर लिहू कशी?” तिने कागद माझ्याकडे सरकवला. “चहा घ्या. निवून राहिला.”

मी चहा घेतला नाही. रागाने उठून आलो. अपीलची मुदत शुक्रवारी संपते. मी उद्या पुन्हा जाणार आहे, आणि ती सही करणार नाही, हे मला माहीत आहे.