मावशी हसली त्याची चौकशी

माझी मावशी मानसतज्ज्ञ. सव्वीस वर्षं ती लोकांचं ऐकतेय. घरात कुणाचं ऐकेल तर शपथ. नको तिथे हसू फुटणं हा तिचा जुना रोग. माझे वडील शिडीवरून पडले तेव्हाही ती आधी हसली, मग धावली.

गेल्या वर्षी हे हसू तिला भोवलं. एका गृहस्थांनी परवाना मंडळाकडे तक्रार केली: मी माझं दुःख सांगत होतो आणि बाई हसल्या. ते दुःख काय, हे मला अजून कळलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ती कुणालाही सांगायची नाही. परवाना जायची वेळ आली होती. मला तिची काळजी लागली, कारण हे काम सोडलं तर तिला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही.

सुनावणीला घरचं एक माणूस नेता येत होतं, म्हणून मी गेले. टेबलापलीकडचे तिघंही मानसतज्ज्ञच, आणि तिथेच घोटाळा झाला.

"तक्रारीची प्रत मला मिळालेली नाही," मावशी म्हणाली.

"हं. राग येतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"राग नाकारतात," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं.

"अहो, आता मात्र येतोय!"

तेही लिहून घेतलं. मावशी गप्प बसली, तर तिच्या गप्प बसण्यावर तिघांनी माना डोलावल्या.

"तपास कुणी केला?" तिने शेवटी विचारलं.

"मी," अध्यक्ष म्हणाले.

"आणि निकाल?"

"तोही मीच देणार. लोकांवर अविश्वास लहानपणापासूनच का?"

"माझं लहानपण राहू द्या! मी काय केलं ते बघा. आणि तपास करणाऱ्याने निकाल देऊ नये."

तिने तिथल्या तिथे तसा अर्ज ठोकला. पुढचे तीन आठवडे ती एकदाही हसली नाही. मला ते बघवत नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. तक्रारीची प्रत घरी आली. त्या गृहस्थांच्या संमतीने मावशीची त्या दिवसाची टिपणंही मंडळाने मागवली. दुसऱ्या सुनावणीला नव्या अध्यक्षबाई होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"मी हसले. त्यांना लागलं. चुकलंच माझं."

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. एवढं भांडून मिळवलेली सुनावणी, आणि ही पहिल्याच प्रश्नाला कबूल! पुढचं बोलणं त्या गृहस्थांबद्दलचं, म्हणून मला बाहेर पाठवलं. तासाभराने निकाल आला: परवाना राहील, सहा महिने एका ज्येष्ठ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम, आणि मंडळामार्फत लेखी माफी.

घरी येताच ती पत्र लिहायला बसली. मी तडकलेच. "कबूलच करायचं होतं, तर पहिल्या वेळी एवढं भांडलीस कशाला?"

तिने लिहिता लिहिता मान वर केली.

"तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं गं."